मुक्त इलेक्ट्रॉनाची फिरकी

अणूविषयी चार शब्द सांगून वक्ता खाली बसला की श्रोत्यांपैकी कोणीतरी उठून असा एखादा प्रश्न विचारतो की, त्यापुढे तासाभराचे व्याख्यान फिके पडावे. मागे एकदा आमच्यावर तोच प्रसंग आला. एक गृहस्थ म्हणाले, "इलेक्ट्रॉनाला फिरकी असते असे आपण सांगितलेत. पण पुरावा दिलात तो सगळा अणूच्या आतला. अणूतून सुटून मोकळा झालेल्या इलेक्ट्रॉनालाही ती असते, हे कोणी पाहिले आहे काय?" आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी येऊन पुस्तके उघडली तेव्हा कळले की, हाच प्रश्न विसाव्या शतकातल्या फार मोठ्या लोकांना पडला होता. इतकेच नव्हे, तर नील्स बोर यांच्यासारख्या पदार्थवैज्ञानिकाने त्यावर निकालही देऊन ठेवला होता. निकाल असा की, मोकळ्या इलेक्ट्रॉनाची फिरकी झोत दुभंगवून पाहणे कोणालाही, कधीही साधणार नाही. या निकालाचा दरारा वीसपंचवीस वर्षे टिकला. त्याचे पुढे काय झाले, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्रजीत ज्याला 'स्पिन' म्हणतात त्याला आपल्या परिभाषाकारांनी 'परिवलन' हा शब्द दिला आहे. शब्द चांगला आहे. पण सभेत 'फिरकी' म्हटले की क्रिकेटच्या कृपेने पोराटोरांनाही कळते, म्हणून आम्ही तोच वापरतो. इलेक्ट्रॉन हा विद्युत्भारित कण. भारित वस्तू स्वतःभोवती फिरू लागली की ती लहानसा लोहचुंबक बनते. तेव्हा इलेक्ट्रॉनाला फिरकी आहे म्हणजे तो एक इवलासा चुंबक आहे, एवढे तूर्त पुरे. आता एखादी वस्तू चुंबक आहे की नाही हे ठरवायचे, तर ती दुसऱ्या चुंबकाजवळ नेऊन पाहावी, ही युक्ती शाळेतल्या मुलालाही सुचेल. सगळा घोळ या साध्या युक्तीतच आहे.

ही युक्ती १९२२ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी यशस्वी करून दाखविली. मात्र सुट्या इलेक्ट्रॉनावर नव्हे, चांदीच्या अणूंवर. भट्टीत चांदी हजार अंशांच्या आसपास तापवायची, निर्वात नळीत तिच्या वाफेचा बारीक झोत करायचा, तो चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून न्यायचा आणि पलीकडच्या काचेवर चांदी कोठे साचते ते पाहायचे. ध्रुवांपैकी एक धारदार केलेला होता, त्यामुळे क्षेत्र एका बाजूस जोरकस व दुसऱ्या बाजूस सौम्य. अशा विषम क्षेत्रातच चुंबक एकीकडे ओढला जातो; सम क्षेत्रात तो नुसता वळतो. दिवस महायुद्धानंतरच्या चलनफुगवट्याचे होते. प्रयोगाला पैसा नव्हता. माक्स बोर्न यांनी न्यूयॉर्कच्या हेन्री गोल्डमन या पेढीवाल्या धनिकाला पत्र घातले, तेव्हा तिकडून काही शे डॉलर आले आणि काम तडीस गेले. स्टर्न पुढे एक मौज सांगत असत. काच बाहेर काढली तेव्हा तिच्यावर काहीच दिसेना. पण ते न्याहाळत असता हळूहळू काळी खूण उमटू लागली. पगार बेताचा म्हणून स्टर्न स्वस्तातल्या सिगार ओढीत. त्यांच्या धुरात गंधक फार, आणि त्या गंधकाने चांदी काळवंडली होती!

झोत दुभंगला होता. दोन खुणा होत्या, मधले अंतर सुमारे ०.२ मिलिमीटर. गेरलाख यांनी त्या खुणांचे छायाचित्र पोस्टकार्डावर बोर यांना कोपनहेगनला धाडले आणि त्यांचा सिद्धान्त खरा ठरला म्हणून अभिनंदन केले. अभिनंदन खरे, पण कारण चुकीचे. झोत दुभंगला तो चांदीच्या अणूतील सर्वांत बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनाच्या फिरकीमुळे, आणि फिरकी हा शब्द त्या दिवशी कोणाच्या स्वप्नातही नव्हता. चांदीचा अणू एकंदरीत भाररहित असतो, ही गोष्ट मात्र श्रोत्यांनी गाठीला बांधून ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

फिरकी कल्पिली गेली ती १९२५ साली, हॉलंडमधील लायडन येथे. जॉर्ज उलेनबेक चोवीस वर्षांचे, सॅम्युएल गाउडस्मिट तेवीसचे. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटाच्या रेषा ज्या विचित्र रीतीने फुटतात तिचा उलगडा करता करता त्यांना सुचले की, इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत असेल तर सगळे जमते. त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी एक लहान टिपण लिहून घेतले आणि वृद्ध लोरेंत्स यांचा सल्ला घेण्यास सांगितले. लोरेंत्स यांनी हिशेब करून दाखविला की, असा इलेक्ट्रॉन खरोखर फिरत असता तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या कितीतरी पट व्हावा लागेल. पोरे घाबरली व टिपण परत मागू लागली. पण एरेनफेस्ट यांनी ते केव्हाच छापावयास पाठविले होते. ते म्हणाले, तुम्ही तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हांला परवडतो. असे गुरू फार थोड्यांच्या वाट्याला येतात. त्याच वर्षाच्या आरंभी राल्फ क्रोनिग नावाच्या तरुणाला हीच कल्पना सुचली होती. पण वोल्फगांग पाउली यांनी ती झिडकारली व क्रोनिग यांनी ती पेटीत ठेवून दिली.

लोरेंत्स यांचा आक्षेप मात्र खोटा नव्हता. म्हणून आज कोणी 'इलेक्ट्रॉन फिरतो' हे अक्षरशः घेत नाही. फिरण्याचे जे परिणाम, म्हणजे चुंबकत्व आणि कोनीय संवेग, ते त्याच्या अंगी आहेत. कोणता भाग कशाभोवती फिरतो हे विचारू नये.

त्याच डिसेंबरात बोर लायडनला जाण्यास निघाले. वाटेत हांबुर्ग स्थानकावर पाउली व स्टर्न भेटले, फिरकीवर विश्वास ठेवू नका म्हणाले. लायडनच्या फलाटावर आइन्स्टाइन आणि एरेनफेस्ट उभे होते. आइन्स्टाइन यांनी एका वाक्यात बोर यांची मुख्य शंका फेडली. परतताना गटिंगेनला हायझेनबर्ग, बर्लिनला पुन्हा पाउली. तोवर बोर स्वतःच फिरकीचे कीर्तनकार बनले होते, प्रत्येक स्थानकावर तिचा महिमा सांगत चालले होते. पाउली तेवढे बधले नाहीत. हिशेबात दुपटीची एक चूक राहत होती ती १९२६ मध्ये टॉमस यांनी काढली, तेव्हा कोठे तेही नमले. पुढे १९२८ साली डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनाचे समीकरण मांडले. त्यात फिरकी बाहेरून घालावी लागली नाही, ती समीकरणातूनच निघाली. आणि ते समीकरण मोकळ्या इलेक्ट्रॉनालाही लागू होते. म्हणजे कागदावर तरी प्रश्न सुटला होता. उरले होते ते प्रत्यक्ष दाखविणे.

येथेच बोर आडवे आले. फिरकीचा प्रचार करणारे तेच, आणि ती मोकळ्या इलेक्ट्रॉनात दाखवता येणार नाही म्हणणारेही तेच, हे वरवर चमत्कारिक वाटते. त्यांचा युक्तिवाद मात्र बिनतोड होता. चांदीच्या अणूला भार नाही. त्याला चुंबकाच्या ध्रुवांमधून नेले तर त्याच्यातल्या इवल्या चुंबकावरच काय तो परिणाम होतो. इलेक्ट्रॉनाला भार आहे. भारित कण चुंबकीय क्षेत्रातून जाऊ लागला की क्षेत्र त्याची वाटच वाकविते, आणि हे वाकविणे फिरकीच्या ओढीपेक्षा कितीतरी प्रबळ असते. जत्रेत ढोलताशे चालू असता कोणी कानात कुजबुजावे, तशी ती ओढ. बरे, सगळे इलेक्ट्रॉन सारखेच वाकले असते तरी हरकत नव्हती. झोत एकदम वळला असता, आणि वळलेला झोत दुभंगतो का ते पाहता आले असते. पण क्षेत्र विषम आहे. विषम असल्यावाचून काम होत नाही. झोताच्या एका कडेला जेवढे क्षेत्र लागते तेवढे दुसऱ्या कडेला लागत नाही, म्हणून झोत फिसकटतो. मग झोत अगदी चिंचोळा करू म्हणाल, तर हायझेनबर्ग यांचे अनिश्चिततेचे तत्त्व वाट अडविते: जितका चिंचोळा कराल तितका तो पुढे आपणहून पसरेल. झोत रुंद ठेवा की अरुंद, फिसकटणे दुभंगण्याला गिळून टाकते. इलेक्ट्रॉनाजवळ सूक्ष्म चुंबकमापी नेऊन त्याचे क्षेत्र मोजू म्हटले, तरी त्याच कुळीची अडचण उभी राहते.

बोर यांनी हा युक्तिवाद स्वतः कोठे पांढऱ्यावर काळा केला नाही. तो गप्पांतून आणि व्याख्यानांतून पसरला. १९३० साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या सॉल्व्हे परिषदेत पाउली यांनी तो सविस्तर मांडला. लेओं ब्रिल्वां या फ्रेंच वैज्ञानिकाने निराळी तोड सुचविली होती. झोत चुंबकाच्या आडवा नेण्याऐवजी क्षेत्राच्या दिशेनेच सोडावा, म्हणजे एका फिरकीचे इलेक्ट्रॉन मागे रेटले जातील व दुसरीचे पुढे जातील. पाउली यांनी तीही त्याच परिषदेत निकालात काढली. मग पाठ्यपुस्तकांनी तो निकाल उचलला आणि पाठ्यपुस्तके जे नेहमी करतात तेच केले: अट गाळली. बोर यांचे म्हणणे होते की, कणाची वाट आखून, त्या वाटेवरील ओढ मोजून फिरकी दिसणार नाही. पुस्तकांत राहिले एवढेच, की फिरकी दिसणार नाही. या दोन वाक्यांमध्ये एक अख्खे शेत पडीक राहिले होते.

ते शेत प्रथम पाहिले ते नेव्हिल मॉट या केंब्रिजच्या तरुणाने. १९२८ च्या शरदात तो कोपनहेगनला बोर यांच्याकडे होता. युक्तिवाद त्याने ऐकला, मान्य केला, आणि मग विचारले: वाट न आखता दिसेल काय? इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो. प्रकाशाची लाट परावर्तनाने ध्रुवित होते व दुसऱ्या परावर्तनाने ते ओळखता येते. तसेच येथे करावे. वेगवान इलेक्ट्रॉन सोन्यासारख्या जड अणूच्या केंद्राजवळून जाऊ लागला की, त्याच्या वेगामुळेच त्याला एक चुंबकीय क्षेत्र जाणवते. फिरकी वर असेल तर तो डावीकडे जरा अधिक विखुरतो, खाली असेल तर उजवीकडे. पहिला सोन्याचा वर्ख चाळणीचे काम करील, दुसरा तागडीचे. दुसऱ्या वर्खावरून डावीकडे आणि उजवीकडे गेलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या असमान आली की समजावे, मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी एका वर्खापासून दुसऱ्यापर्यंत फिरकी सांभाळून नेली. मॉट यांचा हा निबंध १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्येष्ठाचे म्हणणे खोडून न काढता त्याच्या बाजूने वाट काढण्याचा इतका सुरेख नमुना आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

पण चौदा वर्षे ती वाट कोणाला सापडली नाही. एडिंबराला डायमंड यांना आधी असमानता दिसली, मग काळजीपूर्वक पाहता नाहीशी झाली. जी. पी. टॉमसन, म्हणजे इलेक्ट्रॉनाचा शोध लावणाऱ्या जे. जे. टॉमसन यांचे चिरंजीव, यांनी १९३४ च्या सुमारास कसून शोध घेतला व नकार दिला. बर्लिनच्या एमिल रुप यांना मात्र हवे ते हवे तसे दिसत होते. १९३५ साली त्यांनी आपले काही निबंध मागे घेतले, आपण मानसिक आजारामुळे भ्रमात होतो अशा डॉक्टरी दाखल्यासह. त्यांच्या इतर प्रयोगांवरचाही लोकांचा विश्वास उडाला तो कायमचा. इकडे प्रामाणिक माणसांना काही दिसेना, म्हणून डिरॅक यांच्या समीकरणातच काही खोट असावी अशी कुजबुज सुरू झाली. बोर यांचा निकाल पाठीशी असल्यामुळे न दिसण्याचे कोणाला फारसे नवल वाटत नव्हते, असे आमचे मत आहे. एरवी एवढी वर्षे कोणी स्वस्थ बसले नसते.

खोट समीकरणात नव्हती, वर्खाच्या ठेवणीत होती. न्यूयॉर्क विद्यापीठात शल, चेस आणि मायर्स यांनी चार लक्ष व्होल्टांनी दौडविलेले इलेक्ट्रॉन सोन्याच्या दोन वर्खांवरून काटकोनात विखुरले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असमानता स्वच्छ दिसते, दहाबारा टक्क्यांची, मॉट यांच्या गणिताशी जुळणारी. वर्खाच्या ज्या बाजूने इलेक्ट्रॉन आत शिरतात त्याच बाजूने परत आलेले मोजले, तर त्यांतले पुष्कळसे आत अनेकदा ठेचकाळून आलेले असतात व फिरकीची निवड पुसली जाते; आरपार गेलेले मोजावेत. एवढ्याशा गोष्टीसाठी दशक खर्ची पडले! यांतले क्लिफर्ड शल पुढे न्यूट्रॉनांवरील कामासाठी १९९४ चे नोबेल पारितोषिक घेते झाले.

आमच्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर येथे 'होय' असे मिळाले. तरी एक उरलेच. फिरकी आहे हे दिसले, पण ती किती जोराचा चुंबक बनविते ते मोकळ्या इलेक्ट्रॉनावर कोणी मोजले नव्हते. डिरॅक यांच्या हिशेबाने तो आकडा बरोबर २ यावयास हवा. १९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात कुश आणि फोली यांनी अणूंतल्या इलेक्ट्रॉनांवर मोजून दाखविले की तो २ हून हजारात सुमारे एका भागाने जास्त आहे, आणि श्विंगर यांनी त्या जादा भागाचे गणितही बसविले. मोकळ्या इलेक्ट्रॉनाचे काय?

हे काम अमेरिकेतील ॲन आर्बर येथे मिशिगन विद्यापीठात झाले. योगायोग असा की, उलेनबेक त्या वेळी तेथेच प्राध्यापक होते. रिचर्ड क्रेन, पिड आणि लुइसेल यांनी मॉट यांचे दोन वर्ख घेतले आणि त्यांच्या मध्ये चुंबकीय क्षेत्र ठेवले. क्षेत्रात इलेक्ट्रॉन प्रदक्षिणा घालतो, आणि त्याच्या फिरकीची दिशाही वळत जाते. किती वळली ते दुसऱ्या वर्खाने सांगावयाचे. येथे एकेका इलेक्ट्रॉनाची ओढ मोजायची नाही, झोत दुभंगवायचा नाही. असंख्य इलेक्ट्रॉनांची सरासरी दिशा तेवढी वाचायची, म्हणून बोर यांचा आक्षेप लागूच होत नाही. १९५४ चे त्यांचे उत्तर: २.००, इकडेतिकडे ०.०१.

त्याहून बहारीचा प्रयोग १९६१ चा. आकडा नेमका २ असता तर फिरकी आणि प्रदक्षिणा पावलाला पाऊल लावून चालल्या असत्या. देवळाभोवती फिरणारा माणूस एका फेरीत स्वतःही एक पूर्ण वळण घेतो, तसे. पण आकडा किंचित जास्त असल्यामुळे फिरकी दर फेरीस तसूभर पुढे सरकते, आणि हजाराच्या आतबाहेर फेऱ्यांनंतर एक अख्खे वळण जास्तीचे होते. शुप, पिड आणि क्रेन यांनी इलेक्ट्रॉन चुंबकीय कोंडाळ्यात अडकवून हजारो फेऱ्या घालू दिल्या व मग बाहेर काढून वर्खावर सोडले. कोंडण्याची वेळ बदलली की डावी-उजवी संख्या झोक्यासारखी वरखाली होई. त्या झोक्यावरून नेमका तो जादा भागच हाती आला: ०.००११६०९. अडीच वर्षांत त्याच विद्यापीठात त्यात आणखी शंभरपट सुधारणा झाली. बोर १९६२ साली निवर्तले. म्हणजे १९५४ व १९६१ चे हे दोन्ही प्रयोग त्यांच्या हयातीतले.

सियाटलचे हान्स डेमेल्ट यांची गोष्ट वेगळ्या व्याख्यानाची आहे, पण तिला बगल देता येत नाही. विद्यार्थिदशेत गटिंगेनला त्यांच्या एका प्राध्यापकांनी फळ्यावर खडूचा ठिपका काढून, हा इलेक्ट्रॉन, असे सांगितले होते. तो ठिपका डेमेल्ट यांच्या डोक्यातून गेला नाही. १९५८ साली त्यांनी सोडियमच्या अणूंशी टकरा करवून मोकळ्या इलेक्ट्रॉनांना फिरकीची दिशा दिली. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह एकच एक इलेक्ट्रॉन विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांच्या सापळ्यात टांगून ठेवला. १९८४ मध्ये एक पॉझिट्रॉन तीन महिने तेथे राहिला, तेव्हा त्याचे नाव त्यांनी प्रिसिला ठेवले! सापळ्यात विषम क्षेत्राची अगदी सौम्य पुस्ती जोडली की, फिरकी उलटताच इलेक्ट्रॉनाच्या वरखाली हलण्याची गती सेकंदाला सुमारे सहा कोटी आंदोलनांत एकदोन आंदोलनांनी बदलते. विषम क्षेत्राची ओढ, म्हणजे स्टर्न आणि गेरलाख यांचीच युक्ती, मोकळ्या इलेक्ट्रॉनावर! फरक एवढाच की ओढ क्षेत्राच्या दिशेने आहे, आडवी नाही; आणि इलेक्ट्रॉन एकदा येऊन निघून जात नाही, दिवसेंदिवस तेथेच राहतो. १९८९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

ओढ क्षेत्राच्या दिशेने घ्यावी हे ब्रिल्वां यांनीच म्हटले होते. १९९७ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातील बाटेलान, गे आणि श्वेंडिमन यांनी ब्रिल्वां यांची जुनी सूचना पुन्हा गणितातून काढली. क्षेत्राच्या दिशेने सोडलेला इलेक्ट्रॉनांचा झोत निदान तत्त्वतः फिरकीनुसार वेगळा होऊ शकतो, सॉल्व्हे परिषदेत तो निकालात निघाला तो घाईने, असे त्यांचे उत्तर आले. आडव्या झोतापुरता बोर यांचा हिशेब मात्र आपल्या जागी उभा आहे. त्यात कोणी चूक काढलेली नाही.

डेमेल्ट यांच्या सापळ्याचा वारसा गॅब्रिएल्स यांच्याकडे गेला. २०२३ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा, २ ने भागून, १.००११५९६५२१८०५९ असा आहे. संशय काय तो शेवटच्या दोन अंकांत. हा आकडा सिद्धान्ताशी ताडून पाहायचा, तर सूक्ष्मरचना स्थिरांक नावाची आणखी एक संख्या तितक्याच बारकाईने माहीत हवी. ती २०१८ साली बर्कलीला सीझियमच्या अणूंवर मोजली गेली, २०२० साली पॅरिसला रुबिडियमच्या. दोन्ही मोजण्या फार काळजीने केलेल्या आहेत आणि दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. मोकळ्या इलेक्ट्रॉनाने आपली साक्ष बाराव्या स्थळापर्यंत देऊन ठेवली आहे. २०२३ च्या त्या निबंधाच्या वेळी तंटा अणूंच्या बाजूला चालू होता.